दुधाचे दात आणि लाल माती

चैत्र सरत आला, निंबाचा मोहर झडून अंगणात पडू लागला, लेकींना आणायला गावातून गाड्या जुंपल्या जाऊ लागल्या, की अभिमन वस्तादाच्या कपाळाची शीर उडायला लागायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आल्याचा आनंद बाकी साऱ्या गावाला. लेकी माहेरी येत, निंबाला झोके बांधले जात, खापरावर मांडे पडत, आमरसाच्या पातेल्यांभोवती माश्या घोंगावत. एकट्या वस्तादाला मात्र तो सण कधी एकदा उलटतो असं होऊन जाई. कारण तालमीत नवा पोरगा घालायचा तो आखाजीलाच, असा त्या गावचा रिवाज होता. मारुतीपुढे नारळ फोडायचा, वस्तादानं पोराच्या कपाळाला चिमूटभर लाल माती लावायची, आणि मग पोरगा हौद्यात उतरायचा. रिवाज साधा होता. पण त्याच्या आधीचा महिना वस्तादाचा जीव नकोसा करून सोडी.

अंजनी नदीच्या काठी, एरंडोलच्या अलीकडे, पिंपरखेडी हे कापूस-ज्वारीचं गाव. मारुतीच्या देवळाला लागून पत्र्याची तालीम आणि आत लाल मातीचा हौदा. त्या मातीत ताक, तेल, हळद घालून अभिमन ती स्वतः खणी, स्वतः चाळी, आणि खडा सापडला तर तो असा हातात धरून बघे, जणू कुणी मुद्दाम आणून टाकला आहे. सकाळी त्या मातीत पाय ठेवला की गाईच्या पाठीवर हात ठेवल्यासारखी ऊब लागे. माणूस उंच, सुका, बोलायला तिखट. डावा हात कोपरात कधी पुरता सरळ झाला नाही. देवाला हात जोडले तरी एक कोपर बाजूला निघालेलं राही.

त्या कोपराची गोष्ट गावाला ठाऊक होती, पण ती कुणी ध्यानात घेत नव्हतं. अभिमनच्या बापाला पैलवान पोराची फार घाई झाली होती. पाचवं लागतं न लागतं तोच त्याला धुळ्याला नेऊन एका तालमीत टाकलं. तिथं कोण कुणाच्या जोडीचा, कोण नाही, हे बघायला कुणाला सवड नव्हती. एक दांडगा पोरगा अंगावर पडला, कोपर निखळलं, हाडवैद्यानं बांधलं ते वाकडंच बसलं. त्याच हातानं पुढं अभिमननं खानदेशातल्या कितीतरी जत्रा गाजवल्या, नारळ जिंकले, फेटे जिंकले. लोकांना फेटे दिसले. कोपर दिसलं ते त्याचं त्यालाच.

म्हणून गावच्या तालमीचा वस्ताद झाल्यावर त्यानं एकच नियम बांधला. पोराचे पुढचे दुधाचे दात पडू द्या, त्यांच्या जागी नवे दात वर येऊ द्या, मग घेऊन या. त्याआधी आणलं तर मारुतीनं सांगितलं तरी मी घेणार नाही. वय विचारून उपयोग नव्हता. जन्माचं साल कुणाला आठवे पुराचं, कुणाला म्हैस व्यायल्याचं, आणि तालमीच्या दारात आलं की प्रत्येकाचं पोर वर्षा-दोन वर्षांनी मोठं होऊन जाई. दात मात्र खोटं बोलत नाहीत, असं अभिमनला वाटे.

तरी माणसं यायचीच. एकजण पोराला खांद्यावर बसवून आला.

"वस्ताद, हाऊ पोऱ्या दखा. तीन वरीसना शे, पन शेळीनं करडू उचलस."

"उचलू दे. करडूले इचार, त्याले कसं वाटस."

दुसऱ्याचं पोर बापाच्या धोतराचा सोगा चोखत उभं. बाप म्हणाला, "आतेपासून लावं तर अंग वळी, वस्ताद."

"त्यानी माय त्याले आजून पदरखाले लेस," वस्ताद म्हणाला, "आनि तू त्याले लंगोट बांधाले निंघना. घर जाय, बापा."

बाप लोक हसत घरी जात आणि चार दिवसांनी तेच पोर तोंड धुवून, भांग पाडून पुन्हा घेऊन येत. जणू मधल्या चार दिवसांत ते वाढलं असावं. अभिमनला वाटे, ज्वारी पेरली तर ही माणसं कणीस धरेपर्यंत निमूट थांबतात, रानात जाऊन ताटं ओढून लांब करत नाहीत. मग पोराच्या बाबतीतच यांचं डोकं कुठं जातं?

पण त्या वर्षी, स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, ही घाई त्याच्या स्वतःच्या घरात शिरली.

अभिमनला मुलगा नव्हता. एकच लेक, कुंदाबाई, धुळ्याला दिलेली. जावई तोताराम एस.टी.च्या डेपोत कामाला. माणूस मनाचा चांगला, कुस्तीचा वेडा, आणि स्वतः आयुष्यात कधी मातीत उतरला नाही असा. त्यांचा मुलगा वना पाच वर्षांचा. गोल डोक्याचा, बडबड्या, आजीच्या मागं मागं फिरणारा. तानुबाईचा, म्हणजे वस्तादाच्या बायकोचा, त्या पोरात सारा जीव. वना आला की घराला आवाज येई आणि गेला की चार दिवस तानुबाईला भाकरी गोड लागत नसे. अभिमन तसं तोंडानं काही बोलत नसे. पण वना धुळ्याला परत गेला की तो उगीचच तालमीत जाऊन चाळलेली माती पुन्हा चाळत बसे.

आखाजीला पंधरा-वीस दिवस असताना तोताराम कुंदाबाईला आणि वनाला घेऊन आला. दुपारी जेवणं झाली, पुरुष माणसं ओट्यावर टेकली, तेव्हा त्यानं विषय काढला. धुळ्यात राहून त्याची बोली शहरी झाली होती.

"आबा, सरळच सांगतो. या आखाजीला वनाला तालमीत घ्या. घेतलात तर तो इथंच राहू दे तुमच्याजवळ, शाळेलाही इथंच जाऊ दे. मी नि कुंदा येत-जात राहू."

दाराआड तानुबाईच्या हातातलं भांडं थांबलं.

"त्याना दात पडेल नहीत आजून," अभिमन म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे. पण नाही घेतलात तर धुळ्यात आमच्या गल्लीमागं तालीम आहे. ते पाच वर्षांचं पोर घेतात. मी बोलून ठेवलंय."

"इतली घाई कसाले?"

"घाई कसली, आबा? आमच्या डेपोतल्या एकाचा पोरगा चौथ्या वर्षी लागला. आमचा आत्ताच मागं पडलाय."

"कोना मांगे पडना? कोठे जावानं शे त्याले?"

कुठं जायचं आहे ते तोतारामलाही ठाऊक नव्हतं, पण मागं पडायचं नाही एवढं पक्कं होतं. अभिमननं डोळे मिटले. गावातल्या बापांना हाकलून देता येत होतं. जावयाला काय करणार?

तोताराम उठून गेल्यावर तानुबाई बाहेर आली. ती भांडली नाही. तिनं हळूच विचारलं, "तठे धुयाले कोन त्याना हातवर ध्यान दी? आठे तुमना डोयासमोर तरी राही."

ती म्हणत होती ते खरंच होतं. पोरगा मातीत जाणारच असेल, तर परक्याच्या मातीत जाण्यापेक्षा आपल्या मातीत गेलेला बरा. त्याला जोड लावू नये, नुसतं लोळू द्यावं. इतकं सोपं होतं, आणि वना घरात राहिला असता. त्यानं मनातल्या मनात किती वेळा 'बरं' म्हणून पाहिलं. पण दर वेळी दारात नारळ घेऊन उभी असलेली सारी पोरं दिसायची. त्यांना काय सांगायचं? माझा नातू आहे म्हणून याचं कोपर निखळत नाही?

गाव तर टपूनच बसलं होतं. रुपचंद नाना हे गावातलं मोठं घर, तालमीवरचे पत्रे त्यांनीच घातलेले. त्यांचा नातू कौतिक वनाच्याच वयाचा. नाना पानाला चुना लावत म्हणाले, "वस्ताद, तुमना नातू हौदामा उतरना का मना कौतिक बी उतरी. कायदा बठ्ठास्ले सारखा."

"म्हनीसनच कोनीच उतरनार नही, नाना."

"दखू," नाना म्हणाले. "आखाजीले टाईम शे."

त्या पंधरवड्यात अभिमनला एक गोष्ट दिसत होती, पण तिचा अर्थ लागला नाही. वनाच्या तोंडात सारखं काहीतरी कडक असायचं. वाळल्या खोबऱ्याचा तुकडा, फुटाणे, भाजलेले चिंचोके. आजी स्वतः हातानं देई आणि म्हणे, पुढच्या दातांनी खाय बेटा, पुढच्या दातांनी. नातवाला माया लावते आहे, असं अभिमनला वाटलं. दोन-तीन अंगणांतून इतर पोरंही तसंच काहीबाही कुरतडत होती. त्याला वाटलं, सणाचे दिवस, पोरांच्या खिशात खाऊ असायचाच.

आखाजीची सकाळ उजाडली. पितरांच्या घागरी भरून झाल्या. निंबाच्या झाडाखाली बायकांचे झोके चालू झाले, गाण्यांचा सूर गल्लीभर पसरला. अभिमन नव्यानं खणलेल्या हौद्याजवळ उभा राहून मातीवर पाणी शिंपत होता. आणि निंबाकडून एक किंकाळी आली. लहान पोराची. मागोमाग दुसरी.

तो पाण्याचं भांडं तिथंच टाकून बाहेर आला, तर समोरून बायका येत होत्या. पुढं तानुबाई, तिच्या कडेवर वना, हनुवटीवर रक्ताचा ओघळ. तिच्या मागं रुपचंद नानांची बायको सुगंधाबाई, कौतिकला बखोटीला धरून. त्यांच्यामागं आणखी दोघी-तिघी, प्रत्येकीजवळ एक रडतं पोर, तोंडाला पदराचं टोक लावलेलं. तानुबाईनं वनाचा खालचा ओठ बोटानं खाली केला. खालचे पुढचे दोन दात नव्हते.

"पडनात," ती म्हणाली.

अभिमन त्या तोंडाकडे बघत राहिला. लाल, ओली, उघडी जागा. आपसूक पडलेल्या दाताची जागा कशी असते ते त्याला ठाऊक होतं. ही तशी नव्हती.

"कोनी काढात?"

सुगंधाबाईनं निंबाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. झोक्याच्या दोरीला पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. एक टोक दाताला, एक टोक झोक्याला, आणि झोका दिला सोडून.

"हालतच व्हतात," तानुबाई म्हणाली. "मी निस्ता दोरा बांधा."

"पंधरा दिवसपासून खोबरं चावाडं तू त्याले, म्हनीसन हालतच व्हतात?"

तानुबाईनं मान खाली घातली नाही. "मंग काय करू? त्याले धुयाले धाडू? तुमना कायदा दातना शे ना? आते दात नहीत. लावा त्याले माती."

अभिमन तालमीच्या पायरीवर बसला. हा नियम त्यानं पोरांच्या अंगाला वेळेआधी कुणी हात लावू नये म्हणून बांधला होता. आणि त्याच नियमाचा दोरा करून यांनी पोरांच्या तोंडात घातला. तेही परक्या बायांनी नव्हे, सख्ख्या आज्यांनी. राग कुणावर काढावा हेच त्याला कळेना.

गडबड ऐकून रुपचंद नाना आले, मागं तोतारामही आला. नानांनी कौतिकचं तोंड बघितलं, जरा चपापले, पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"जाऊ द्या, वस्ताद. पडनं ते पडनं. कसं पडनं हाई कोन इचारस?"

"मी इचारस," अभिमन म्हणाला. "नाना, मी काय सांगेल शे? निस्ता दात पडाले पाहिजे? नवा दात वर येवाले पाहिजे, हाई कोनी ऐकं नही का?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नियमाचा पुढचा निम्मा भाग खरंच सगळ्यांनी ऐकला होता आणि सगळ्याच विसरल्या होत्या. पडायला काय लागतं एवढंच त्यांनी झोक्यावर बसून ठरवलं होतं.

"मंग येतीन ना नवा," सुगंधाबाई चाचरत म्हणाली.

"येतीन. पन वखतना आधी काढेल दातनी जागा लवकर भरास नही. आपसूक पडता तर नवा पटकन येता. आते बसा वाट दखत. ज्या पोरेस्ना दात कोनी काढात नहीत, त्या यास्ना आधी तालीममा येतीन."

हे ऐकून एक बाई आपल्या पोराला तिथंच कुशीत घेऊन रडायला लागली. नानांनी सुगंधाबाईकडे असं पाहिलं, की ती कल्पना सकाळपर्यंत त्यांची स्वतःचीही होती हे जणू त्यांना आठवतच नव्हतं.

अभिमन उठला. मिठाचं कोमट पाणी आणायला सांगून त्यानं एकेका पोराला चूळ भरवायला घेतलं. सगळ्यात शेवटी वनाकडे हात पसरले. वना एरवी धावत येणारा पोरगा. तो तोतारामच्या पायांना घट्ट मिठी मारून मागं लपला.

"ये बेटा. पानी ले."

"माले तालीम नको," वना रडत म्हणाला. नव्या फटीतून शब्द फुसकत होते. "तठे गयं का दात काढतस."

ते कौतिकनं ऐकलं आणि त्यानं मोठ्यानं भोकाड पसरलं. त्याचं ऐकून बाकीच्यांनीही. कुणी बाप पोराला उंबऱ्याजवळ नेऊ लागला, की पोरगा पाय रोवून उलट्या दिशेला ओढू लागे. ज्या हौद्यासाठी ही पोरं महिनाभर घरात दंड थोपटत होती, त्याच्याकडे आता एकजण बघायला तयार नव्हता.

एवढ्यात कुंदाबाई आली. ती नदीवर गेली होती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिनं वनाचं तोंड उघडून पाहिलं आणि हनुवटीवरचं रक्त पदरानं पुसलं.

"माय," ती म्हणाली, "दोरा बांधाना आधी माले तरी इचारती."

"तुनाच पोऱ्या आठे राहाले पाहिजे म्हनीसन करं मी."

"तो आते राही?"

तानुबाईनं वनाकडे हात नेला. वनानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तानुबाईचा हात तसाच हवेत राहिला.

कुंदाबाई महिनाभर माहेरी राहणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गाठोडं बांधलं. पोरगं आजीच्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हतं. ते बघत राहणं तिला जमेना, आणि आईला ते बघायला लावणंही.

अभिमन त्यांना गाडीतून एरंडोलला मोटार स्टँडवर घेऊन गेला. वाटेत वना बापाच्या मांडीवर झोपला होता. उन्हानं रस्त्याची माती पांढरी पडलेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. तोतारामनं विषय काढला.

"आबा, गल्लीतल्या तालमीत आता नाही घालत. तो जाणारही नाही. पण मग त्याला शिकवायचं काय?"

"त्याले झाडवर चढू दे. पांझरा नदीमा डुबक्या मारू दे, पोरेस्संगे धावू दे. पडी, उठी. हाडं पक्की व्हवाले दुसरं काय लागस?"

"हो. पण तेवढ्यात मागं पडला तर?"

स्टँड आला तसा अभिमननं कासरा ओढून बैलांकडे पाहिलं. निदान त्यांना तरी कुठं घाईनं जायचं नव्हतं.

"तोताराम," तो म्हणाला, "मोटार भराई राहिनी. जागा धर."

मोटारीत बसल्यावर वना जागा झाला. खिडकीतून तो आजोबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. अभिमनची वरची एक दाढ नि बाजूचा एक दात कधीचे गेलेले.

"आबा, तुमना दात कोनी काढात?"

"कोनीच नही. त्यास्ना त्या पडनात."

"दुखनं?"

"जरा बी नही."

वनानं त्यावर विचार केला. विश्वास बसला की नाही ते कळायच्या आत मोटार सुटली. धूळ बसेपर्यंत अभिमन उभा राहिला आणि मग गाडी वळवली.

घरी आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तानुबाई ओट्यावर बसली होती, समोर सणाचे उरलेले मांडे तसेच झाकलेले. वाटभर त्यानं तिला बोलायचं म्हणून किती कठोर शब्द जुळवले होते. रुपचंद नानांना बोलायचे ते वेगळे, गावाला बोलायचे ते वेगळे. तिच्याकडे बघून त्यातला एकही शब्द तोंडात येईना. ती त्याच्याइतकीच त्या पोराला जवळ ठेवू पाहत होती. त्याला निदान आपला नियम तरी उरला होता. तिला काय उरलं?

"रडना का तो जाताना?" तिनं विचारलं.

"नही."

"माले इचारं?"

अभिमननं वहाणा काढल्या. खोटं सांगता आलं असतं. "नही इचारं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. मग मांड्यांवरचं झाकण सारखं करत तिनं विचारलं, "नवा दात कव्हय येतीन त्याना?"

"येतीन त्यास्ना वखतले."

"म्हंजे कव्हय?"

तो तिच्याजवळ टेकला. वाकड्या कोपराचा हात मांडीवर ठेवला. अंगणापलीकडे कुणाचं तरी पोर झोक्याच्या मोकळ्या दोरीला लोंबकळत होतं, खाली पडत होतं, धूळ झटकून पुन्हा लोंबकळत होतं, आणि त्याची आजी घरातून ओरडत होती.

"तानु," अभिमन म्हणाला, "जव्हय येतीन तव्हय येतीन. तू फक्त माले पुन्हा 'कव्हय' इचारू नको. वाढ मांडे."